नांदूरमधमेश्वर दर रविवारी जमत नाही, मग घराजवळच्या पाण्यावर पक्षी कसे बघायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला नाशिकला गंगापूर रोडला आहात, दिवाळीत दुर्बीण घेतली, आठवीतल्या लेकीला घेऊन दोनदा निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात जाऊन आलात. तिथले हजारो पक्षी बघून दोघंही हरखून गेलात. पण दर आठवड्याला 40-45 किलोमीटर जाणं परवडत नाही, म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलात. दोन तास उभे राहिलात आणि ‘चार बगळे, एक खंड्या, बाकी काही नाही’ म्हणत परत आलात. शहराच्या कडेच्या अशा पाण्यावर वेळ घालवण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर नेमकं बघायचं कसं?

अर्थ आहे, भरपूर आहे. गेली अठरा वर्षं मी बहुतेक रविवार याच बॅकवॉटरला काढले आहेत. नांदूरला वर्षातून पाच-सहा वेळा जाते, पण पक्षी ओळखायला शिकले ती इथे, घराजवळच्या पाण्यावर. त्या रविवारी तुम्हाला पक्षी का दिसले नाहीत, याचं उत्तर पाण्यात आहे. म्हणून आधी पाण्याचंच बोलते.

पाणपक्ष्याला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला सोयीच्या खोलीचं पाणी लागतं. शेकाट्या, तुतवार, चिखल्या यांना चिखल आणि त्यावर दोन-चार बोटं पाणी हवं. हळदी-कुंकू, तलवार बदक, चक्रांग, थापट्या ही बदकं बुडी मारत नाहीत. शेपूट वर आणि डोकं खाली करून तळ चाळतात, म्हणजे त्यांना वीतभर ते हातभर पाणी लागतं. वारकरी, टिबुकली, पाणकावळे बुडी मारून खातात, त्यांना खोल पाणी चालतं. आता गंगापूर धरण बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात ते भरतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी काठोकाठ, अगदी गवतापर्यंत आलेलं असतं. चिखल नाही, उथळ पट्टा नाही. अशा वेळी बदकं येऊन बसली तरी लांब, मधोमध बसतात, आणि चिखलातले पक्षी तर उतरतच नाहीत. तुम्ही गेलात ते नेमके या दिवसांत.

मग पाण्याची आवर्तनं, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेलं पाणी, सुटायला लागतात. नाशिककर पिण्यासाठी, खाली शेतकरी रब्बीसाठी, असं करत पाणी उतरतं. जानेवारीपासून काठ उघडे पडतात, पाण्याखाली कुजलेल्या गवताचा गाळ वर येतो, त्यात अळ्या, शंख-शिंपले, किडे असतात. ज्या आठवड्यात पाणी भराभर उतरतं त्या आठवड्यात मी सगळी कामं बाजूला ठेवते. तेव्हा वर्तमानपत्रात ‘आवर्तन सुटलं’ अशी बातमी दिसली की ती पक्ष्यांची बातमी समजून वाचायची सवय लावून घ्या.

नांदूरमधमेश्वरला एवढे पक्षी का, तेही यावरूनच कळतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि मोठा जलाशय उथळ झाला. मध्ये बेटं तयार झाली, त्यांवर पानगवत उगवलं. वरून गंगापूर-दारणेचं पाणी येत राहतं आणि कालव्यांनी निघून जातं. गाळ साचणं हा धरणाचा तोटा म्हणून आपण शिकतो, पण पक्ष्यांना तोच लाभला. 1986 साली ते अभयारण्य झालं आणि 2020च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हे सगळं उथळ पाण्याच्या जिवावर आहे.

उलट शहरातली नदी बघा. रामकुंडाच्या परिसरात काठाला काँक्रीट आणि दगड आहे. तिथे माणसाला पायऱ्या सोयीच्या, पण तुतवाराला चोच खुपसायला चिखल कुठे? कबुतरं, घारी, एखादा वंचक, बस. तिथून पुढे तपोवनाकडे नदी पुन्हा दगड-गोट्यांची आणि झाडीची होते आणि लगेच धोबी, खंड्या, तारवाली भिंगरी दिसायला लागतात. एकदा लेकीला दोन्ही जागी अर्धा-अर्धा तास उभं करा आणि मोजायला सांगा.

आता जागेबद्दल. एकच पाणी निवडा आणि किमान एक वर्ष तेच धरून ठेवा. तुम्हाला गंगाव्हरे-सावरगावच्या बाजूचा काठ सोयीचा पडेल. नाशिक रोडला राहणारे दारणा नदीवर चेहेडीला जातात. धरणाच्या भिंतीवर मात्र जाऊ नका. काठावर पोचल्यावर पहिलं काम दुर्बीण काढणं नव्हे. पाण्याची रेषा कुठे आहे ते बघायचं आणि लिहायचं. माझी खूण म्हणजे पाण्यात उभी वाळलेली एक बाभूळ. भरल्या पाण्यात तिचा फक्त शेंडा दिसतो आणि त्यावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो. पहिला फाटा उघडा पडला की बदकं काठाकडे सरकतात. दुसरा फाटा उघडा पडला की चिखल दिसायला लागतो आणि त्या आठवड्यात चिखल्या, तुतवार, शेकाटे हटकून येतात. बाभळीचं बूड कोरडं झालं की टिटव्या तिथे फिरायला लागतात, म्हणजे उन्हाळा आला. तुम्हीही एखादं झाड, खडक, जुना बांध असं काही धरा. माझ्या सगळ्या वह्यांत तारखेच्या पुढे ‘फाटा 1’, ‘फाटा 2’ असं लिहिलेलं आहे. आता मागे वळून बघताना पक्ष्यांच्या आकड्यांपेक्षा मला ते जास्त उपयोगी पडतं.

उन्हाची दिशा सांभाळा. सकाळी पाणी तुमच्या पश्चिमेला हवं, म्हणजे सूर्य पाठीमागे राहतो आणि रंग दिसतात. उन्हाकडे तोंड करून बघितलं तर सगळी बदकं काळी. नव्या माणसांचा अर्धा गोंधळ एवढ्यानेच मिटतो. नांदूरला डिसेंबर-जानेवारीत जाल तेव्हा पहाटे पाचला निघण्याची घाई करू नका. निफाडचा पारा किती उतरतो हे आपल्याला ठाऊकच आहे, पाण्यावर धुकं बसतं आणि ते उठेपर्यंत पक्षी बघायच्या मनोऱ्यावर कुडकुडत बसावं लागतं. इथे बॅकवॉटरला मात्र उजाडता-उजाडता पोचलेलं बरं, कारण नऊनंतर माणसं, गाड्या आणि बोटींचा आवाज सुरू होतो आणि बदकं आत सरकतात.

तुमची 8×42ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण योग्य आहे, दुकानदाराने 10ची घ्यायला हवी होती असं म्हटलं तरी मनावर घेऊ नका. जास्त मोठं दिसतं तसा हाताचा कंपही जास्त दिसतो. टेलिस्कोप एवढ्यात नको. आधी दोन हिवाळे जाऊ द्या.

ओळखण्याकडे येऊ. ऑक्टोबरात आलेल्या बदकांवर डोकं फोडू नका. विणीनंतर नर बदकं भडक पिसं टाकून मादीसारखी तपकिरी होतात आणि इथे येतात तेव्हा त्याच अवतारात असतात. त्यामुळे पुस्तकातलं चित्र आणि समोरचं बदक जुळत नाही. तेव्हा रंग सोडून द्या, आकार बघा. थापट्याची चोच फावड्यासारखी, टोकाला रुंद. तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार. भुवई बदकाची मादीसुद्धा चेहऱ्यावरच्या पट्ट्यांमुळे कळते. डिसेंबरपर्यंत बहुतेक नर पुन्हा सजतात आणि बरंच सोपं होतं.

खरी शाळा आहे ती तीन तुतवारांची. चिखलाच्या कडेने शेपूट सतत खाली-वर करत फिरणारा छोटा तपकिरी पक्षी दिसला की नवखा माणूस ‘तुतवार’ म्हणून मोकळा होतो. पण नीट बघा. साध्या तुतवाराच्या खांद्यापाशी छातीच्या पांढऱ्याची एक जीभ वर गेलेली असते, दुरूनही दिसते. तो उडाला की पंख ताठ, थरथरवत, पाण्याला लागून जातो. हिरवा तुतवार वरून काळपट असतो. उडाला की पाठीचा खालचा भाग पांढराशुभ्र चमकतो, पंखांची खालची बाजू मात्र काळी. उडताना तो ओरडतोच. तिसरा ठिपकेवाला तुतवार. त्याची पाठ ठिपक्यांची, भुवई ठळक पांढरी, पाय लांब आणि पिवळसर. तिघं एका काठावर मिळाले आणि तुम्ही तिघांना वेगळं ओळखलं, की समजा तुमची नजर बसली. आमच्या काठावर जानेवारीत हे बऱ्याचदा जमतं. यातला साधा तुतवार ऑगस्ट-सप्टेंबरातच येतो, बदकांच्या कितीतरी आधी. तेव्हा हिवाळा सुरू व्हायची वाट बघू नका, पोळ्याच्या आसपासच पहिली फेरी मारा.

एक दृश्य सांगते, म्हणजे एकाच जागी का बसायचं ते कळेल. गेल्या जानेवारीत सकाळी साडेसातला मी बाभळीसमोर बसले होते. समोर तीनशे-साडेतीनशे वारकरी, म्हणजे काळे, पांढऱ्या कपाळाचे, काही लोक चांदवा म्हणतात ते. सगळे विखुरलेले, कोणी बुडी मारतंय, कोणी एकमेकांच्या मागे पाण्यावरून पळतंय. अचानक आवाज बंद. मी वर बघितलं तर काहीच नव्हतं. मग सगळे वारकरी एका जागेकडे पोहत यायला लागले, आणि मिनिटभरात पाण्यावर एक काळी सतरंजी अंथरल्यासारखी झाली. तेव्हा कुठे पलीकडच्या गवतावरून दलदली भोवत्या खालून, अगदी पाण्याला लागून येताना दिसला. तो वर आला तसं त्या घोळक्याने पायांनी आणि पंखांनी पाणी उडवायला सुरुवात केली. तो दोनदा वरून फिरला, एकदा पाय खाली सोडले, आणि निघून गेला. दहा मिनिटांनी सतरंजी पुन्हा विस्कटली. मला शिकारी दिसायच्या आधी त्यांना तो दिसला होता. तेव्हापासून मी आकाशाकडे कमी आणि वारकऱ्यांकडे जास्त बघते. ते गोळा झाले की कुठेतरी भोवत्या किंवा गरुड असतोच.

मोजायचं कसं, हे लेकीला आत्ताच शिकवा. घोळक्यातले दहा पक्षी एक-एक करून मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचं, मग तेवढ्या-तेवढ्या जागा मोजत डावीकडून उजवीकडे जायचं. मोठा थवा असेल तर दहाऐवजी पन्नासचा ठोकळा. मग उजवीकडून डावीकडे परत. दोन आकड्यांत फार फरक असेल तर तिसऱ्यांदा. ‘खूप होते’ असं वहीत लिहायचं नाही. आशियाई पाणपक्षी गणना 1987 सालापासून दर जानेवारीत होते, आणि त्यात तुमच्यासारख्यांनी मोजलेले आकडेच जातात. गणनेच्या दिवशी अनुभवी माणसाबरोबर एकदा उभे राहा, हात बसतो. 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या दिवसांतही नाशिकमध्ये फेऱ्या निघतात.

आकड्यांबद्दल एक इशारा. पक्षी जास्त म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका. शेकाट्यांना सांडपाण्याचं उथळ डबकं चालतं, किंबहुना आवडतं, कारण त्यात अळ्या भरपूर. शहरातल्या एखाद्या नाल्याच्या तोंडाशी पन्नास शेकाटे लाल पायांवर उभे असतात आणि फोटो सुंदर येतो. पण तिथे टिबुकली नाही, नदीसुरय नाही, कवड्या धीवर नाही, कारण मासाच नाही. मासे खाणारे पक्षी कमी होत गेले आणि शेकाटे वाढत गेले तर आनंदाने टाळ्या वाजवायचं कारण नाही, काळजी करायचं आहे. हे कळायलाही एकाच जागेची वर्षानुवर्षांची वही लागते.

पाणवेलींचंही असंच आहे. दसक-पंचकपासून खाली सायखेडा-चांदोरीपर्यंत गोदावरीवर हिरवा गालिचा पसरतो आणि आपण म्हणतो, काढून टाका. काढायलाच हव्यात. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या वनस्पतीने पाणी झाकलं की उजेड आत जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना मोकळं पाणी उरत नाही. पण त्याच वेलींवर जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी राहतात. कमळपक्ष्याचा नर अंडी उबवतो आणि पिल्लं वाढवतो. मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे जाते. ही सगळी वीण पावसाळ्यात होते. म्हणून माझं मत असं की वेली जानेवारी ते मे दरम्यान काढाव्यात, मुळासकट काढून काठावर न टाकता लांब न्याव्यात, आणि पावसाळ्यात ऐन विणीत यंत्र घालू नये.

आता जरा कडक बोलते, कारण तुमच्याबरोबर लेक आहे. मार्च ते मे या महिन्यांत पाणी खाली गेलं की मध्ये खडे-रेतीची बेटं वर येतात. तिथे नदीसुरय आणि टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. खड्यांच्याच रंगाची अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. बेट पाण्याने वेढलेलं असेपर्यंत सुरक्षित. पण पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की भटकी कुत्री पोचतात. अशा एका मे महिन्यात एका रविवारी मी नदीसुरयांची अकरा घरटी लांबून मोजली होती. पुढच्या रविवारी बेटाकडे जाणारी चिखलाची वाट तयार झाली होती, तीवर कुत्र्यांच्या पंज्यांबरोबर बुटांचेही ठसे होते. घरटं एकही उरलं नव्हतं. बूट घालून कोणीतरी जवळून फोटो काढायला गेलं होतं. नदीसुरय आपल्या डोक्यावर झेपावायला लागले की आपण घरट्यांत शिरलो आहोत, त्या क्षणी मागे फिरायचं. उन्हात पक्षी उठला की अंडं दहा-पंधरा मिनिटांतही भाजू शकतं. घरट्याचा फोटो काढू नका आणि कोणी पाठवला तर पुढे पाठवू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा खेळही लेकीला शिकवू नका. ड्रोन तर नकोच नको.

स्वतःची काळजी घ्या. बॅकवॉटरच्या काठावरचा गाळ वरून भेगा पडून वाळलेला दिसतो, पण खाली मऊ असतो. मी एकदा गुडघ्यापर्यंत रुतले, बूट तिथेच राहिला. काठी टेकून बघितल्याशिवाय पाय टाकू नका. नांदूरकडे जाताना पहाटे किंवा संध्याकाळी उसात शिरू नका, निफाड तालुक्यात बिबटे उसातच राहतात. द्राक्षबागेच्या बांधावरून जायचं असेल तर मालकाला विचारा. बहुतेक जण ‘या की’ म्हणतात, वर चहाही पाजतात. पक्ष्यांमुळे त्यांचे मणी फुटतात, तेव्हा आपण ‘किती सुंदर’ म्हणायच्या आधी त्यांचं नुकसान ऐकून घेणं बरं.

तुम्हाला पुढचा बेत सांगते. या रविवारी परत तिथेच जा. पक्षी नसले तरी चालेल. पाण्याची खूण ठरवा, वहीत तारीख आणि खूण लिहा, चार बगळे असतील तर चारच लिहा, पण ते गायबगळे होते की मोठे बगळे, चोच आणि पायांचा रंग काय, ते बघून लिहा. वंचक उडाला तर त्याचे पंख पांढरे झालेले लेकीला दाखवा. बसलेला असताना मातीसारखा दिसणारा पक्षी उडाल्यावर पांढरा कसा झाला, याने माझ्या भाच्याला पहिल्यांदा या नादाला लावलं. मग दर रविवारी तेवढंच. डिसेंबराच्या शेवटी आवर्तनाची बातमी आली की मला कळवा, आपण तिघं मिळून जाऊ. माझी बाभूळ दाखवते आणि बहुधा तिच्या दुसऱ्या फाट्यापाशी तीनही तुतवार.